शंकरपाळी, चौरस आणि 'कशावरून?'

घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल तर आज रविवारी एक छोटा प्रयोग करून पाहा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा एक चौरस कापा. चारही बाजू सारख्या, चारही कोपरे काटकोनी. तो मुलासमोर सरळ धरा आणि विचारा, हा कोणता आकार? मूल चटकन सांगेल, 'चौकोन' किंवा 'चौरस'. आता तोच पुठ्ठा मुलाच्या डोळ्यांदेखत थोडा फिरवा. एक कोपरा खाली आणि एक वर येईल असा. पुन्हा विचारा. बरीच मुलं सांगतील, 'शंकरपाळी'. कुणी म्हणेल, 'पतंग'. पुठ्ठा तोच, बाजू त्याच, कोपरेही तेच. पण मुलाच्या लेखी आकार बदलला.

यावर आपण हसतो, नाहीतर 'नीट बघ' म्हणून दटावतो. दोन्ही करू नये. मूल नीटच बघत असतं. आपण त्याला आजवर दाखवलेला प्रत्येक चौरस जमिनीवर बसलेला होता. पाटीवर तसा, पुस्तकात तसा, वर्गातल्या तक्त्यावरही तसाच. मुलानं त्यावरून आपला नियम बनवला : खाली सपाट बसतो तो चौरस, टोकावर उभा राहतो तो दुसरा कुणीतरी. त्रिकोणाचंही तसंच. देवळाच्या शिखरासारखा टोक वर करून उभा असेल तरच तो त्रिकोण. उलटा केला की मूल घुटमळतं. लांबुडका, बारीक त्रिकोण काढला तर 'ही तर पाचर आहे' म्हणतं.

आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे. आकाराचं नाव पाठ होणं वेगळं आणि आकार समजणं वेगळं. समज येते ती हात लावून, फिरवून, मोडून, जोडून आणि 'कशावरून?' असं विचारून. त्यासाठी लागणारं साहित्य नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही घरात, कुठल्याही वस्तीवर आणि तांड्यावर आहे.

ओळखीकडून समजेकडे

मुलं भूमिती कशी शिकतात याचा शोध पिएर व्हॅन हील आणि दीना व्हॅन हील-गेल्डॉफ या हॉलंडमधल्या शिक्षक पती-पत्नींनी घेतला. 1957 साली त्यांनी आपले प्रबंध सादर केले. त्यांचं सांगणं सोपं आहे. मूल आधी आकार चेहऱ्यासारखा ओळखतं. शेजारच्या काकांना आपण नाक-डोळे न मोजता ओळखतो, तसं. पुढच्या पायरीवर ते गुण पाहू लागतं : याला बाजू किती, कोपरे किती, कुठल्या बाजू सारख्या? त्याच्याही पुढे गुणांचं एकमेकांशी नातं त्याच्या लक्षात येतं आणि मग कुठे 'हे असं आहे म्हणून ते तसं असलंच पाहिजे' हा युक्तिवाद जमतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या पायऱ्या वयानं आपोआप चढता येत नाहीत. त्या अनुभवानं चढाव्या लागतात. ज्या मुलाला पहिली ते चौथीत आकार फक्त चित्र म्हणून भेटले, ते आठवीतही पहिल्याच पायरीवर उभं असतं. समोर फळ्यावर मात्र पक्ष, साध्य आणि सिद्धता सुरू झालेली असते. मग मूल प्रमेय पाठ करतं. आकृतीतली अक्षरं बदलली की अडतं.

'लातूर पॅटर्न'चा आपल्याला अभिमान आहे. नांदेडमध्येही शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं खोल्या घेऊन राहतात. दहावी-बारावीच्या मुलांसाठी आई-बाप पोटाला चिमटा घेऊन पैसा उभा करतात. पण भूमितीची भीती दहावीत जन्मत नाही. तिचं मूळ पहिली-दुसरीच्या वर्गात असतं, आणि तिथे ती टाळायला पैसा लागत नाही.

सगळंच 'गोल' कसं?

आपल्या बोलीत भाकरी गोल, लाडू गोल, बांगडी गोल, पाण्याची टाकी गोल आणि खांबही गोल. व्यवहारात काही बिघडत नाही. शाळेत मात्र यांची वेगवेगळी नावं होतात. वर्तुळ, गोल, वृत्तचिती. मुलाचा गोंधळ होतो तो इथे. त्यात आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे कित्येक घरांत तेलुगू बोलतात. उदगीर, देवणी, निलंग्याच्या सीमेवर कन्नड ऐकू येते. किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी, तांड्यावर गोरमाटी, शहरांत उर्दू. अशा घरातून आलेल्या मुलाला 'वर्तुळ' हा शब्दच परका. म्हणून आधी वस्तू हातात द्यावी, मग गुण बोलावेत आणि नाव शेवटी सांगावं.

सुरुवात करावी ती भरीव वस्तूंपासून. मुलाच्या हाताला आधी लिंबू, डबा आणि काडेपेटी लागते. कागदावरचं वर्तुळ फार नंतर येतं. जर्मनीत बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रेडरिक फ्रबेल यांनीही लहान मुलांच्या हाती चेंडू, लाकडी गोळा, घन आणि वृत्तचिती दिली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला विकतच्या साहित्यावर न अडता भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं करून दाखवलं. तोच मार्ग आपलाही.

एक पाट घ्या. एका बाजूनं विटेवर टेकवून उतार करा. मुलांना लिंबू, पावडरचा डबा, काडेपेटी, खडूचं खोकं, फासा असं काहीबाही गोळा करू द्या. एकेक वस्तू उतारावरून सोडायची. लिंबू कसंही ठेवा, घरंगळतं. काडेपेटी कशीही ठेवा, घरंगळत नाही. फार तर घसरते. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर घसरतो. मुलं आपणहून तीन ढीग करतात. हे तीन ढीग करणं म्हणजेच वर्गीकरण, आणि गणिताची सुरुवात तिथे होते.

मग ठसे घ्यायचे. ताटलीत रंगाचं किंवा गेरूचं पाणी घ्या आणि वस्तू बुडवून कागदावर टेकवा. काडेपेटीचे ठसे आयताचे येतात, पण तीन वेगवेगळ्या मापांचे आणि प्रत्येक दोनदा. फाशाचे सहाही ठसे सारखेच चौरस. डब्याचं बूड टेकवलं की थाळीसारखा भरलेला ठसा येतो. बांगडी टेकवली की नुसती कड उमटते. लिंबू टेकवलं तर? नुसता एक ठिपका. लाडू आणि भाकरी यांत फरक काय, हे मुलाला त्या ठिपक्यातून कळतं. आता नाव सांगा : ही कड म्हणजे वर्तुळ आणि लिंबासारखा तो गोल. नाव आता चिकटून बसतं, कारण त्याला टेकायला अनुभव मिळालेला असतो.

धाट, वाकळ आणि वर्तमानपत्र

मराठवाड्यातल्या मुलांना ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करायला शिकवावं लागत नाही. आतला मऊ पांढरा भाग आणि वरची चिवट साल, एवढ्यावर गाडी, बैल, जू सगळं उभं राहतं. हेच साहित्य भूमितीला वापरा. सालीच्या काड्या आणि जोडायला भेंडाचे तुकडे. साल बोटाला कापते, म्हणून सोलून देण्याचं काम मोठ्यांनी करावं. धाट नसेल तिथे खराट्याच्या काड्या आणि काळ्या मातीच्या गोळ्या चालतात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून असेच सांगाडे करण्याची युक्ती खेळणीकार अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवली.

तीन काड्या जोडून त्रिकोण करा आणि चार जोडून चौकोन. आता दोन्ही हलकेच दाबून पाहा. चौकोन तिरका होतो. त्रिकोण जागचा हलत नाही. मुलांना हे फार नवल वाटतं. मग विचारा, चौकोन हलू नये म्हणून काय करशील? थोड्या वेळानं कुणीतरी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी काडी लावतं. झाले दोन त्रिकोण! मग शेताच्या फाटकाला तिरकी पट्टी का असते, पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणी का असते, सायकलच्या सांगाड्यात त्रिकोण कुठे आहे, हे मुलं स्वतः शोधून आणतात. घरातली जुनी खाट खिळखिळी झाली की तिरकी होते. आयताचा समांतरभुज चौकोन झाला, हे पुढे पाचवी-सहावीत सांगायला तीच खाट कामाला येते.

त्रिकोण पक्का करायचा तर जे त्रिकोण नाही तेही दाखवावं. एक बाजू वाकडी असलेली आकृती, एक कोपरा न जुळलेली आकृती, कोपरे गोलसर झालेली आकृती. प्रत्येक वेळी विचारायचं, हा त्रिकोण आहे का? कशावरून? 'बंद नाही म्हणून नाही' हे उत्तर मुलाच्या तोंडून आलं की समजावं, मूल पहिली पायरी सोडून दुसरीवर आलं. त्याच्या जोडीला उलटे, आडवे, लांबुडके, बुटके असे खरे त्रिकोणही दाखवावेत.

घरातली वाकळ पसरा. आजीनं जोडलेल्या तुकड्यांत चौरस किती, आयत किती? दोन त्रिकोण जोडून चौरस कुठे केलाय? तांड्यावरच्या बायकांच्या भरतकामात त्रिकोणांच्या आणि चौकटींच्या रांगा असतात. तुकडे एकमेकांना फट न ठेवता कसे बसतात, हे आजीला ठाऊक असतं. तिला वर्गात बोलवावं. मुलांना भूमिती कळेल, आणि आपल्या आजीला काही येतं हेही कळेल.

आता हे हातातलं वर्तमानपत्र वाचून झालं की त्याचा एक आयताकृती कागद घ्या. एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून घडी घाला, उरलेली पट्टी फाडा. उलगडलं की चौरस तयार. पट्टी नाही, पेन्सिल नाही. आता तो कर्णावर दुमडा. दोन्ही अर्ध्या बाजू एकमेकींवर नेमक्या बसतात. म्हणजे शेजारच्या बाजू सारख्या, हे मुलानं स्वतः पडताळलं. मग एक आयत कर्णावर दुमडायला सांगा. दोन्ही त्रिकोण सारखे असूनही एकमेकांवर बसत नाहीत! का बसत नाहीत यावर मुलं बराच वेळ वाद घालतात. घालू द्यावा. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक पुस्तक टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासमध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याची दखल जर्मनीतल्या फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञानं घेतली. सांगायचा हेतू हा, की कागदाची घडी म्हणजे पोरखेळ नव्हे.

पहिल्या प्रयोगातल्या त्या शंकरपाळीचं उत्तरही इथेच मिळतं. कागदाचा चौरस फिरवून ठेवा आणि मुलालाच सांगा, घडी घालून बघ, बाजू बदलल्या का? कोपरा बदलला का? कोपरा तपासायला कागदाची दोनदा घडी घालून केलेला काटकोन पुरतो. मूल स्वतःच निकाल देईल. आपण सांगितलेलं ते विसरेल. स्वतः पडताळलेलं सहसा विसरत नाही. ताटातली शंकरपाळीही तपासू द्या. तिचे कोपरे बहुधा काटकोनी नसतात. चौरस तिरका धरला तरी त्याची तशी शंकरपाळी होत नाही, हे त्याला आता पक्कं कळतं.

गंजगोलाई आणि गाडीचं चाक

लातूरच्या मुलांना वर्तुळ शिकवायला गंजगोलाई आहे. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोलाकार बाजारपेठ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. या आखणीशी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचं नाव जोडलेलं आहे. मुलांना विचारावं, मध्यावरून निघून दुकानांच्या ओळीपर्यंत सरळ गेलं, तर कुठल्या बाजूला जास्त चालावं लागेल? कुठेच नाही, सगळीकडे सारखंच, हे उत्तर आलं की वर्तुळाची व्याख्या हाती आली.

नांदेडकरांनी सचखंड गुरुद्वाऱ्याचा घुमट पाहिलेला असतो. महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, 1832 ते 1837 या वर्षांत ते बांधकाम झालं. घुमट आणि घागर, घुमट आणि लिंबाची अर्धी फोड यांत सारखं काय, वेगळं काय, एवढं बोललं तरी मूल पाहायला शिकतं.

मग शाळेच्या पटांगणात या. एक खुंटी, एक दोरी, दोरीच्या टोकाला काडी. दोरी ताणून धरत एक चक्कर मारली की वर्तुळ. दोरी सैल सोडली की बिघडलं. का बिघडलं, हे मुलंच सांगतात. कंपासपेटीतलं कर्कटक हातात येण्याआधी प्रत्येक मुलानं दोरीचं वर्तुळ काढलेलं असावं. बैलगाडीच्या चाकाचे आरे सारख्याच लांबीचे का, हाही तोच प्रश्न आहे. पुठ्ठ्याचं एक गोल आणि एक चौकोनी चाक कापा, मधोमध पेन्सिल खोचून घरंगळवा. गोल चाकातली पेन्सिल एकाच उंचीवरून जाते, चौकोनी चाकातली उड्या मारते.

गवंड्याची दोरी

आपल्या वर्गांत गवंड्यांची, सुतारांची मुलं असतात. पाया आखताना गवंडी एका बाजूवर 3 फुटांची खूण करतो, दुसरीवर 4 फुटांची आणि दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर 5 फूट भरेपर्यंत दोरी सरकवतो. 5 भरलं की कोपरा काटकोनात आला. याच नात्यावर पुढे पायथागोरसचं प्रमेय येतं. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात हे नातं दोरीच्याच भाषेत सांगितलेलं आहे. शुल्ब म्हणजेच दोरी. ती सूत्रं विटांच्या वेदी रचण्यासाठी होती. मुलांना जिभेला जड वाटणारा 'इष्टिकाचिती' हा शब्दही विटेचाच आहे. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला थर. वीट हातात देऊन हा शब्द सांगितला तर तो जड राहत नाही.

ज्याच्या बापाला गुण्या, ओळंबा आणि सूत रोज हाताळावं लागतं, ते मूल वर्गात 'भूमितीत कच्चं' ठरतं, ही खरी खंत आहे. त्याच्या घरची भूमिती आपण वर्गाच्या दाराबाहेर ठेवतो. त्याला उठून गुण्या कसा लावतात ते दाखवू द्यावं. त्या दिवसापासून ते मूल शाळेकडे वेगळ्या नजरेनं पाहील.

1990च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, त्यात लातूर आणि नांदेड हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्या काळापासून शाळांत शैक्षणिक साहित्य वाढलं, थर्माकोलचे सुबक आकार भिंतींवर लागले. पुढे गणितपेट्या आल्या. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही आकारांची आणि अवकाशाची समज पायाभूत क्षमतांत धरली आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण भिंतीवर डकवलेला आकार फिरवता येत नाही, आणि कुलपातली पेटी काही शिकवत नाही. साहित्य मळलं, तुटलं तरी चालेल. ते मुलाच्या हातात हवं.

पालकांसाठी चार शब्द

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार? शिकवायचं काहीच नाही. भाकरी थापताना विचारा, ही मधूनच जाड राहिली तर कडेपर्यंत गोल होईल का? ठिपक्यांची रांगोळी काढताना चार ठिपक्यांत किती वेगवेगळे चौकोन बसतात ते मोजू द्या. पोळ्याला मातीचे बैल करताना गोळा, वळी आणि चकती ही नावं घ्या. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढू द्या. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात वसवलेल्या गावांतली मुलं सरळ, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या काढतील. जुन्या गावातली मुलं वळणाचे बोळ काढतील. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बोलता येतं.

एक पथ्य मात्र पाळा. 'चौरस वेगळा आणि आयत वेगळा' असं ठासून सांगू नका. पुढे सातवी-आठवीत मुलाला शिकायचं असतं की चौरस हाही एक आयतच आहे, आणि दोघेही चौकोनाच्याच कुळातले. उदगीरचा प्रत्येक माणूस लातूर जिल्ह्यातला, पण लातूर जिल्ह्यातला प्रत्येक माणूस उदगीरचा नव्हे. तसंच हे नातं. लहानपणी ते सांगितलं नाही तरी चालेल, पण चुकीचं सांगितलं तर ते पुसायला फार वेळ लागतो.

आणि मुलाचं उत्तर बरोबर आलं तरी तिथे थांबू नका. चुकलं तेव्हा 'कशावरून?' विचारायचं आणि बरोबर आलं तेव्हाही तेच विचारायचं. नाहीतर तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण, असं मूल समजून बसतं. कारण देता येणं हीच भूमिती. ती सवय सहाव्या वर्षी लागली तर सोळाव्या वर्षी प्रमेयाची धास्ती वाटत नाही. आणि ती लावायला आपल्याकडे धाट आहे, दोरी आहे, वाकळ आहे आणि वाचून झालेलं हे वर्तमानपत्रही आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)